नायडा की सॅम्सा? व्यसनमुक्तीचा सरकारी पैसा कुठे मागायचा

अमेरिकेत अमली पदार्थांच्या प्रतिबंधाला आणि उपचारांना केंद्र सरकारचा पैसा हवा असेल, तर दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात. नायडा (NIDA), म्हणजे अमली पदार्थांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, १९७४ची; १९९२च्या कायद्याने ती एनआयएचमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य-संशोधन संस्थांच्या समूहात, गेली आणि त्याच कायद्याने सॅम्सा (SAMHSA), म्हणजे व्यसन आणि मानसिक आरोग्याच्या सेवांचं प्रशासन, जन्माला आली. आरोग्य खातं एकच आणि दोघींच्या कागदांवर ‘प्रतिबंध’, ‘उपचार’ हेच शब्द, म्हणून घोळ होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. उत्तर अजून कोणाला माहीत नाही, असा प्रश्न असेल तर नायडा. उत्तर माहीत आहे, ते लोकांपर्यंत पोचवायचं आहे, तर सॅम्सा.

शाळांमधला प्रतिबंध कार्यक्रमच घ्या. नायडाकडे आर-०१ (R01) या नेहमीच्या संशोधन अनुदानाच्या अर्जात उद्दिष्टांना १ पान आणि संशोधन आराखड्याला १२ पानं मिळतात. परीक्षक पहिल्यांदा पाहतात तो नमुना, म्हणजे अभ्यासात कोण आणि किती जण घेतले ते, आणि बरेच अर्ज तिथेच गडगडतात. २० शाळा, प्रत्येकी ५० मुलं, म्हणजे १,००० मुलं, असा हिशेब लोक करतात. पण कार्यक्रम कोणाला मिळणार याच्या चिठ्ठ्या शाळांच्या टाकल्या आहेत, मुलांच्या नव्हे. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी वागतात. हे साम्य ० ते १ च्या मापावर अवघं ०.०२ धरलं, तरी मुलांच्या संख्येला १ + ४९ × ०.०२ = १.९८ ने भागावं लागतं (४९ म्हणजे शाळेतल्या ५० मुलांतून एक वजा). हातात उरते जेमतेम ५०५ मुलांइतकी माहिती. अशा वेळी शाळेमागे मुलं वाढवून फारसं साधत नाही, शाळा वाढवाव्या लागतात. आणखी एक: कोणत्याही एका वर्षाचा थेट खर्च ५ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर अर्जाआधी किमान ६ आठवडे नायडाची संमती मागावी लागते. हे विसरलं की अर्ज तपासणीपर्यंतही पोचत नाही.

हाच कार्यक्रम सॅम्साकडे नेलात तर गृहीतक कोणी विचारणार नाही. परिणाम सिद्ध झालेली पद्धत कोणती, किती मुलांपर्यंत पोचणार, कर्मचारी कोण, आकडे कसे कळवणार, एवढंच. नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेर ठेवलेली मुलं, ठेवतो म्हणालात तर उलट गुण जातील. तो पैसा सेवेसाठी आहे.

सॅम्साचा मोठा पैसा मात्र थेट मागताच येत नाही. व्यसनासाठीचं गट-अनुदान सूत्रानुसार राज्यांना जातं आणि त्यातला किमान २० टक्के भाग प्राथमिक प्रतिबंधावर, म्हणजे उपचारांची गरज नसलेल्या लोकांवर, खर्चावा लागतो. स्थानिक संस्थेने दार ठोठवायचं ते राज्याच्या यंत्रणेचं.

सर्वेक्षणांतही हाच गोंधळ. शाळकरी मुलांचं, मिशिगन विद्यापीठातून १९७५पासून चालणारं ‘मॉनिटरिंग द फ्यूचर’ नायडाच्या पैशावर चालतं. १२ वर्षांच्या आणि त्यावरच्या सगळ्यांचं घरोघरचं राष्ट्रीय सर्वेक्षण सॅम्साचं. अर्जात दोघांचे आकडे एकाच तक्त्यात घुसडू नयेत. लोकसंख्या वेगळी, विचारण्याची जागाही वेगळी.

दोन्हींचा पैसा एकाच केंद्रात आणता येतो: उपचार सॅम्साच्या पैशातून, त्यांचा अभ्यास नायडाच्या. फक्त तासांची वही चोख हवी. एकाच समुपदेशकाचे ४० टक्के तास एका अनुदानावर आणि ७० टक्के दुसऱ्यावर लावले, की लेखापरीक्षक आधी तीच बेरीज करतो.