विंडोज अपडेटनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर का बिघडतो, जरा मागची गोष्ट

रात्री विंडोजने आपोआप अपडेट घेतलं आणि सकाळी बघतो तर आयकॉन भले मोठे झालेत, दुसरा मॉनिटर दिसतच नाही, किंवा गेम सुरू केला की स्क्रीन काळी. यामागे बऱ्याचदा ग्राफिक्स ड्रायव्हर असतो, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. हा त्रास आता इतका कॉमन झालाय की दुकानात लॅपटॉप नेला की उत्तर ठरलेलंच असतं, फॉरमॅट मारा. बहुतेक वेळा त्याची अजिबात गरज नसते आणि उगाच लोकांचा डेटा जातो, म्हणून हे सगळं कुठून सुरू झालं ते नीट लिहितोय.

१९९६ ला ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठीचं विंडोज एनटी ४.० आलं. त्याच्या आधीच्या एनटीमध्ये ग्राफिक्सचं काम कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, बाहेर चालायचं, त्यामुळे ते स्लो वाटायचं. मायक्रोसॉफ्टने स्पीडसाठी ते उचलून कर्नलमध्ये टाकलं. स्पीड मिळाला, पण आता कार्डच्या ड्रायव्हरमध्ये एक चूक झाली की अख्खी सिस्टिम निळी स्क्रीन दाखवून बसायची, आणि विंडोज एक्सपीच्या काळात हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मग जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सगळ्यांसाठी बाजारात आलं आणि ड्रायव्हरचं मॉडेलच बदललं. ड्रायव्हरचा बराचसा भाग कर्नलच्या बाहेर काढला, आणि कार्डने २ सेकंदात उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर स्वतःच रीसेट करणार अशी सोय केली. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि खाली 'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग अँड हॅज रिकव्हर्ड' असा मेसेज दिसतो ना, तो तेव्हापासूनचा. माझ्या मते विंडोजमधल्या चांगल्या बदलांपैकी हा एक. पण सगळ्या कंपन्यांना ड्रायव्हर जवळपास नव्याने लिहावे लागले आणि सुरुवातीला हाल झाले. नंतर एका कोर्ट केसमध्ये मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल बाहेर आले, त्यात २००७ मधल्या व्हिस्टाच्या क्रॅशचे आकडे होते, सुमारे २९ टक्के क्रॅश एकट्या एनव्हिडिया या ग्राफिक्स कंपनीच्या ड्रायव्हरवर नोंदले होते.

तोपर्यंत ड्रायव्हर कधी बदलायचा हे आपल्या हातात होतं. विंडोज ७ मध्ये तर विंडोज अपडेटकडून ड्रायव्हर कधीच घेऊ नको असा सरळ पर्याय होता. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं आणि होम एडिशनवर अपडेट सक्तीचं झालं. ते यायच्या आधीच टेस्ट करणाऱ्यांची बोंब सुरू झाली होती, विंडोज अपडेट एक व्हर्जन टाकतंय, एनव्हिडियाचं स्वतःचं जीफोर्स एक्स्पिरिअन्स ॲप दुसरं टाकतंय, आणि दोघांच्या ओढाताणीत जास्त मॉनिटरवाल्यांचं डिस्प्ले बिघडतंय. मायक्रोसॉफ्टने घाईने 'शो ऑर हाइड अपडेट्स' नावाचं छोटं टूल दिलं. २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटमध्ये ड्रायव्हर वगळायची पॉलिसी आली, पण ती जिथून लावायची तो ग्रुप पॉलिसी एडिटर फक्त प्रो आणि त्याच्या वरच्या एडिशनला, आणि आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा लॅपटॉपवर असतं होम.

आता खरी मेख. विंडोज नवा ड्रायव्हर काढून जुना का टाकतं? कारण विंडोज तारीख आधी बघतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅबवर हार्डवेअर आयडीज उघडा. व्हीईएन (VEN) नंतर १०डीई (10DE) असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. पुढे चिपचा नंबर, आणि मग सबसिस (SUBSYS) म्हणजे तुमच्या लॅपटॉप कंपनीची खूण. जो ड्रायव्हर या आयडीशी जास्त तंतोतंत जुळतो त्याचा नंबर वर लागतो, तारीख आणि व्हर्जन त्यानंतर. त्यामुळे लॅपटॉप कंपनीने खास तुमच्या मॉडेलसाठी दिलेला जुना ड्रायव्हर, तुम्ही कालच टाकलेल्या नव्या जेनेरिक, म्हणजे सगळ्या मॉडेलसाठीच्या, ड्रायव्हरला हरवू शकतो. विंडोजसोबत येणाऱ्या बऱ्याच ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख दिसते तीसुद्धा मुद्दाम टाकलेली आहे, आयडी सारखाच जुळला तर कंपनीचा ड्रायव्हर तारखेवर जिंकावा म्हणून.

कंपन्यांनीही यात भर घातली. इंटेलचा ड्रायव्हर त्यांच्याच साइटवरून घेतला तरी बऱ्याच लॅपटॉपवर 'या कॉम्प्युटरसाठी व्हॅलिडेट केलेला नाही' म्हणून बसायचाच नाही, हे कुलूप इंटेलने २०२० मध्ये काढलं. एएमडीवाल्यांना तर त्यांचं सॉफ्टवेअरच मेसेज देतं की विंडोज अपडेटने तुमचा ड्रायव्हर बदललेला असू शकतो, आता व्हर्जन जुळत नाही.

हे कळलं की उपायाचा क्रम आपोआप लक्षात येतो. आधी डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक ड्रायव्हर, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जाणं. ते बटण फिकट असेल तर आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही, मग हवा तो ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवा, नेट बंद करा, सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू होतं तो मोड) जाऊन डीडीयूने, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या टूलने, जुनं सगळं साफ करा आणि नेट बंद असतानाच नवा टाका. नेट बंद ठेवायचं ते एवढ्यासाठी की कार्ड बिनड्रायव्हरचं दिसलं की विंडोज लगेच स्वतःचा आणायला धावतं. मग डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये नो करा, आणि मोठं अपडेट आलं की ते तसंच आहे ना ते एकदा बघून घ्या.

पण दरवेळी दोष ड्रायव्हरचाच असतो असंही नाही. ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटनंतर काही गेम स्लो झाले, तेव्हा एनव्हिडियाने नोव्हेंबरमध्ये ५८१.९४ हा हॉटफिक्स, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीचा, ड्रायव्हर काढला, म्हणजे तिथे रोल बॅक करून काही मिळणार नव्हतं, उलट पुढे जायचं होतं. म्हणून काहीही करायच्या आधी विंडोज अपडेटची हिस्ट्री उघडा, तिथे ड्रायव्हर अपडेट्सचा वेगळा भाग असतो. त्रास सुरू झाला त्या दिवशी तिथे डिस्प्लेची नोंद असेल तर रोल बॅक, आणि फक्त क्वालिटी अपडेटची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नेहमीच्या अपडेटची, नोंद असेल तर कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर आलाय का ते आधी बघा.