लाइमच्या झाडाला लिंबं लागत नाहीत

रशियन कथांची इंग्रजीवरून केलेली मराठी भाषांतरं वाचताना एक झाड हटकून आडवं येतं. बाहेर गुडघाभर बर्फ, जमीनदाराची हवेली, आणि फाटकापासून दारापर्यंत दुतर्फा लिंबाची झाडं! अहो, तिथे लिंबू एक हिवाळा तरी काढेल का? मूळ रशियनमध्ये असतं 'लीपा'. ब्रिटिश इंग्रजीत त्याला 'लाइम' म्हणतात आणि तिथेच घात होतो.

सरबतातलं लाइम सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देऊ. चुन्यालाही इंग्रजीत लाइमच म्हणतात, पण त्यात सहसा कोणी फसत नाही.

लीपा म्हणजे थंड प्रदेशातला, हिवाळ्यात पानं गाळणारा मोठा वृक्ष. हृदयाच्या आकाराची पानं, उन्हाळ्यात फिकट पिवळी सुवासिक फुलं, त्यांवर मधमाश्यांची झुंबड. याच्या सालीच्या पट्ट्यांपासून रशियन शेतकरी 'लाप्ती' विणून पायांत घालत. मऊ लाकडाच्या मात्र्योश्का बाहुल्या होतात. वनस्पतिशास्त्रात हा 'टिलिया'. आपल्याकडच्या धामण या झाडाचं नाव 'ग्रेविया टिलिइफोलिया', म्हणजे टिलियासारख्या पानांचं. लीपाची सोयरीक लावायचीच तर धामणीशी लावा, लिंबाशी नको.

दोन्ही 'लाइम' केवळ योगायोगाने सारखे झाले. फळाचं नाव अरबीकडून युरोपात आलं. झाडाचं जुनं इंग्रजी नाव 'लिंड'. ते घसरत घसरत 'लाइन' झालं आणि 17व्या शतकात 'लाइम'.

इंग्रजी शिकणाऱ्या रशियनांची फजिती आणखी मजेशीर. त्यांच्या भाषेत दोन झाडांना दोन नावं आहेत, त्यामुळे घरी गोंधळ नाहीच. पण फळासाठी त्यांनी इंग्रजीतला 'लाइम' जसाच्या तसा उचलला. त्यामुळे इंग्रजी पुस्तकात 'लाइम'ची सावली आली की त्यांच्या डोळ्यांपुढे हिरवं फळ. उलट लिहायची वेळ आली की शब्दकोश लीपासमोर 'लाइम' दाखवतो. मग सर्दीवर घेतात तो लीपाच्या फुलांचा काढा 'लाइम टी' या नावाने मागितला जातो, आणि समोर येतो लिंबाचा चहा.

माझा हट्ट एकच: स्वतः लिहिताना 'लिंडन' वापरा. अमेरिकेत तोच शब्द चालतो (तिथल्या स्थानिक जातीला 'बासवुड'ही म्हणतात) आणि ब्रिटिशांनाही तो कळतो. 'लाइम' वाचताना ओळखता आला की पुरे. मराठीत 'लिंडन' किंवा थेट 'लीपा' लिहावं. 'लिंब' लिहिलंत तर आपला निम्मा वाचक कडुलिंबाखाली जाऊन बसेल. सावलीपुरतं ते जवळचं आहे म्हणा!

रशियन बोलीत एखादा दाखला 'लीपा' आहे म्हटलं, की तो बनावट असतो. तिथे लाइम नको आणि लिंडनही नको. सरळ 'खोटा' लिहा.