कंपाउंडरच्या पट्टीपासून लाल चौकटीपर्यंत

दवाखान्यात जाताना घरून धुतलेली रिकामी बाटली न्यायची, हे मागच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. कंपाउंडर तीत मिक्श्चर भरी, बूच लावी आणि कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी खळीने बाजूला चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल अशी ही खूण होती. गोळ्यांची भुकटी असेल तर तिच्या पुड्या बांधल्या जात.

पण बाटलीत काय आहे, हे त्या पट्टीवरून कळत नसे. ‘बाटली हलवून घ्या’ ही सूचनाही शिष्टाचारापुरती नव्हती. स्ट्रिक्निन (अगदी थोड्या मात्रेत औषध म्हणून दिले जाणारे विष) आणि ब्रोमाइड (एक शामक क्षार) एकाच मिक्श्चरमध्ये पडले, तर स्ट्रिक्निनचा साका तळाशी बसू शकतो आणि शेवटच्या डोसात विष एकवटते. औषधनिर्माणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतले हे जुनेच उदाहरण आहे.

बाजारातल्या तयार औषधांची गत वेगळी होती. भेसळ आणि निकृष्ट माल इतका वाढला, की सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला, कायदा व्हायला मात्र १९४० उजाडले आणि नियम १९४५ मध्ये झाले. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक, मुदत संपण्याची तारीख हा जो मजकूर आज आपण लेबलावर गृहीत धरतो, तो याच नियमांच्या चौकटीतला. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावे, हेही त्यातच आले. दुकानातल्या मदतनिसाची जागा कायद्याच्या दृष्टीने तेवढीच आहे: हात त्याचा, जबाबदारी फार्मासिस्टची.

पुढे लेबलावर खुणा वाढत गेल्या. शेड्यूल एच या नियमांतल्या यादीत चिठ्ठीशिवाय न विकायची औषधे असतात; त्यांच्यावर ‘आरएक्स’ (Rx) ही चिठ्ठीची खूण आली. तरीही अँटिबायोटिक्स सर्रास विकली जात राहिली, म्हणून १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झाले. सुरुवातीला त्यात ४६ औषधे होती. त्यांच्या लेबलावर लाल चौकटीत इशारा असतो, आणि विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ते तीन वर्षे जपावे लागते. २०१६ मध्ये ‘हे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असे सुचवणाऱ्या, पाकिटावरच्या लाल रेघेबद्दल लोकांत प्रचारही झाला.

हे सगळे बदल कारखान्याच्या लेबलावर झाले. त्या लेबलाला औषध ठाऊक असते, रुग्ण नसतो. कंपाउंडरची पट्टी नेमकी उलट होती, आणि तिचे काम आता पांढऱ्या कागदी पाकिटावर पेनने लिहिलेल्या ‘१-०-१’ ने चालवले जाते. माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हाच. दहाची स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या, की बॅच आणि मुदत छापलेले टोक एकाकडेच राहते. म्हणून जाणती माणसे स्ट्रिप दुसऱ्या टोकाकडून कापतात, ते छापील टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवतात आणि पाकिटावर औषधाचे नाव, ताकद, बॅच आणि मुदत लिहून देतात. गर्दीच्या वेळी पहिला फाटा याच लिहिण्याला मिळतो.