हरळी

हरळी, म्हणजेच दूर्वा, हे तृण कुलातील बहुवर्षायू गवत असून त्याचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याचे वर्णन पॅनिकम प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) केले आणि पर्सून यांनी १८०५ मध्ये त्याला सध्याच्या प्रजातीत आणले. जगातील सर्वांत त्रासदायक तणांच्या १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रमवारीत लव्हाळ्याच्या खालोखाल हरळीचा क्रमांक लागतो.

मूलस्थानाविषयी एकमत नाही. आफ्रिकेत सायनोडॉनच्या जातींची विविधता सर्वाधिक असल्याने पुष्कळ लेखक तिकडे बोट दाखवतात. मात्र सर्वत्र पसरलेल्या तणरूपी प्रकाराचा विकास तुर्कस्तानपासून पाकिस्तानपर्यंतच्या पट्ट्यात झाला असावा, असे हार्लन आणि द वेट या संशोधकांनी १९७० च्या आसपास मांडले. प्रजातीचे मूळ आणि या एका प्रकाराचे मूळ यांत भेद केला, तर हे मत अधिक ग्राह्य वाटते. या जातीत द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे १८ गुणसूत्रे) व चतुर्गुणित (चार संच, म्हणजे ३६) असे दोन्ही प्रकार आढळतात. तणात चतुर्गुणित प्रकारच अधिक असतो.

फुलोरा आल्यावर ओळख सोपी असते : दांड्याच्या टोकाशी एकाच बिंदूतून बहुधा तीन ते सात बारीक कणिशे बोटांसारखी फाकतात आणि प्रत्येकाच्या एकाच बाजूवर बिनदेठाची, बाजूंनी चपटी कणिशके (कणसाचे लहान घटक) दोन ओळींत असतात. शेतात मात्र ओळख पटवावी लागते ती फुलोऱ्यापूर्वी, आणि तेव्हा जिव्हिका (पात्याच्या तळाशी आतून असलेली झालर किंवा पडदा) पाहणे सर्वांत उपयोगी. पाते व आवरक (खोडाला वेढणारा पानाचा खालचा भाग) यांच्या सांध्यावर आतील बाजूस आखूड पांढऱ्या केसांची झालर असते आणि तिच्या दोन्ही कडांना लांब केस दिसतात. हरळीशी गल्लत होऊ शकणाऱ्या इतर गवतांपैकी डिजिटॅरियाच्या जातींत येथे पातळ पडदा असतो. पडदा पॅस्पॅलम डिस्टिकममध्येही असतो. ते हरळीसारखेच सरपटते, पण त्याला बहुधा दोनच कणिशे येतात. एल्यूसिन इंडिका वर्षायू असून तिला सरपटणारी खोडे नसतात व तिचा बुंधा चपटा, पांढुरका असतो. डॅक्टिलोक्टेनियमच्या कणिशाचा अक्ष शेवटच्या कणिशकापुढे काट्यासारखा बाहेर येतो. लव्हाळा तर गवतच नव्हे. त्याचे खोड त्रिकोणी असते.

हरळीच्या धावत्या खोडावर एकाच पेऱ्यातून दोन-तीन पाने निघाल्यासारखे दिसते. ही पाने वस्तुतः एकाआड एकच असतात. लांब कांड्यांच्या मधली काही कांडी अत्यंत आखूड राहिल्याने हा भास होतो, आणि काही वर्णनांत पाने ‘समोरासमोर’ असल्याचे म्हटले आहे ते यामुळेच.

शंका उरल्यास रोप खणून पाहावे. जमिनीवरील हिरवी वा जांभळट धावती खोडे आणि जमिनीखालील फिकट, शल्कपर्णांनी (खवल्यांसारख्या पानांनी) झाकलेली, टोकदार मूलक्षोडे (भूमिगत खोडे) ही दोन्ही हरळीत सापडतात. याच प्रजातीतील उंच चारागवते, उदाहरणार्थ सायनोडॉन प्लेक्टोस्टॅकियस व सायनोडॉन न्लेमफ्यूएन्सिस, यांना मूलक्षोडे नसतात; म्हणून केवळ धावत्या खोडावरून हरळीचे निदान करणे सावधपणाचे नाही. बरीचशी मूलक्षोडे वरच्या १५ सेंमी. थरात असली, तरी काही त्याहून बरीच खोल जातात. नांगरटीने तुटलेल्या तुकड्यावर एखादे जिवंत पेरे उरले तरी त्यातून नवे रोप उभे राहते. बियांचे महत्त्व यापेक्षा कमी असते, आणि हिरवळीसाठी लावलेल्या त्रिगुणित संकरांत तर बी धरतच नाही.