पार्श्वभूमी : पद्मिनीचे स्टिअरिंग आणि ‘मूळ’ या शब्दाचा गुंता

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, तरी तिचे ब्रेक शू, क्लच प्लेट किंवा पाटे थोड्या शोधाने आजही मिळतात. गाडी अडते ती स्टिअरिंगपाशी. नाशिकमध्ये घरोघरी जपलेल्या ज्या थोड्या पद्मिनी उरल्या आहेत, त्यांच्या मालकांची गॅरेजमधील पहिली तक्रार बहुधा एकच असते : स्टिअरिंगचे चाक चार बोटे फिरते, गाडी मात्र सरळच जाते. शहरात हा खेळ, म्हणजे ढिलेपणा, चालवून घेता येतो. कसारा घाटाच्या वळणांवर तो चालत नाही.

सुटे भाग इतकी वर्षे टिकले, याचे श्रेय परवाना-राजाला द्यावे लागते, हे कितीही विचित्र वाटले तरी. १९५० च्या दशकाच्या आरंभी सरकारने एका आयोगाच्या शिफारशी स्वीकारल्या आणि देशात टप्प्याटप्प्याने भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी जुळणी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. प्रीमियरच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीची जी आवृत्ती १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून निघू लागली, तीच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. साचा मूलतः एकच राहिल्यामुळे शेकडो लहान कारखान्यांना तेच टाय रॉड एंड (रॉडला चाकाच्या आर्मशी जोडणारे सांधे), तेच बुश वर्षानुवर्षे बनवत राहता आले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ही साखळी हळूहळू तुटली. टॅक्सींच्या मागणीवर ती मुंबईत काही काळ तगली, पण वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या भंगार बाजारात उघडून ठेवलेले स्टिअरिंग बॉक्स त्यानंतर वेगाने कमी झाले.

इथे एक शब्दाचा घोळही आहे. जुन्या मिस्त्रीसाठी ‘फियाट’ म्हणजे पद्मिनी आणि तिच्या आधीची डिलाइट. दुकानाच्या काउंटरवरील तरुणासाठी ‘फियाट’ म्हणजे उनो किंवा पॅलिओ. ‘फियाटचा एंड द्या’ म्हटल्यावर भलताच डबा पुढे येतो. म्हणून जाणकार नाव न सांगता जुना भाग खिशात घालूनच जातात.

पद्मिनीच्या स्टिअरिंगमध्ये दांड्याच्या टोकाला वर्म (स्क्रूसारखे दाते असलेला भाग) असलेला बॉक्स, त्यातून निघणारा आणि रॉड हलवणारा ड्रॉप आर्म, दुसऱ्या बाजूला बॉडीला बसवलेला, नुसता आधार देणारा आयडलर आणि त्यांना चाकांशी जोडणारे रॉड अशी रचना आहे. अॅम्बॅसिडरला मात्र मॉरिस ऑक्सफर्डच्या वारशाने पहिल्यापासून रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारे लहान दातेरी चक्र) होते, त्यामुळे तिच्या मालकांचा प्रश्न निराळा आहे. पद्मिनी बहुतांश वेळ सरळ चालत असल्याने वर्म मधोमध सर्वाधिक झिजते. समायोजनाचा स्क्रू आवळला की मधला खेळ जातो. पण कडेचे दात कमी झिजलेले असल्याने पूर्ण वळणावर चाक जड होते किंवा अडकते. टॅक्सीवाल्यांनी तीन दशके हाच उपाय केला, त्यामुळे भंगारातून मिळणारा बॉक्स बहुधा आपल्या बॉक्सइतकाच थकलेला असतो. युरोपात या गाडीचे भाग अजून मिळतात, परंतु इटालियन गाड्यांचे स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्याने तिथला बॉक्स सहसा आपल्याकडे बसत नाही.

यातूनच गेल्या काही वर्षांतील वाद उभा राहिला आहे : बॉक्स काढून टाकून मारुतीसारख्या गाडीचा रॅक बसवावा की नाही. बाजू घेणारे म्हणतात की रॅक स्वस्त आहे, कुठेही मिळतो आणि चाक हलके होते. विरोध करणारे कायद्याकडे बोट दाखवतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ कडकपणे लावला. मात्र नोंदणी पुस्तकात स्टिअरिंगचा प्रकार लिहिलेला नसतो, असे पहिल्या पक्षाचे उत्तर असते. २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आले तेव्हा गुंता वाढला. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि ‘मूळ स्वरूपात’ राखलेली गाडी ‘विंटेज’ ठरते; चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेली ठरत नाही. स्टिअरिंगचा त्यात उल्लेख नाही. मग रॅकसाठी आडव्या पत्र्याला पाडलेली छिद्रे आणि जोडलेला ब्रॅकेट हा बॉडी शेलमधील बदल मानायचा का? एका बाजूस तो नुसता ‘बोल्टने बसवलेला भाग’ आहे, दुसऱ्या बाजूस ती गाडीची ओळख पुसणे आहे. शिवाय १९८० च्या दशकातील पद्मिनी अजून पन्नाशीच्या आत असल्याने त्यांना हा नियम लागूच होत नाही, आणि त्यांच्या मालकांना दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाची फी भरून तपासणीसमोर उभे राहावे लागते.

या वादात एक साधी यांत्रिक बाब मागे पडते. रॉडची लांबी आणि उंची सस्पेन्शनच्या हातांशी जुळली नाही, तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना ते स्वतःच वळू लागते. घरगुती मापाने बसवलेल्या रॅकचा खरा दोष हाच असतो आणि तो गॅरेजच्या दारात दिसत नाही, सिन्नरच्या रस्त्यावर दिसतो. अशा जोडणीपेक्षा जुना बॉक्स उघडून नवे बुश आणि बेअरिंग घालणे, आणि वर्म फारच गेले असेल तर सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नमुन्यावरून नवे काढून घेणे हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, जरी त्याला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात. वर्म आणि त्याच्याशी भिडणारा भाग जोडीने बनवला, योग्य पोलाद घेऊन त्याला नंतर कडकपणा दिला, तरच ते टिकते. तुटलेल्या ड्रॉप आर्मला वेल्डिंग करून पुन्हा लावणे मात्र कोणीही करू नये. घडीव पोलादाला दिलेली उष्णता-प्रक्रिया त्या ताणाच्या ठिकाणी उरत नाही.

टाय रॉड एंडच्या बाबतीत पर्याय सोपे आहेत, कारण पद्मिनीचे आटे मेट्रिक आहेत आणि नंतरच्या भारतीय गाड्यांचेही तसेच. ब्रिटिश वंशाच्या अॅम्बॅसिडरला हा फायदा नाही. तरीही आटे जुळले म्हणून एंड जुळला असे होत नाही. पिनचा निमुळतेपणा आर्मच्या छिद्राशी अचूक मिळावा लागतो, नाहीतर नट कितीही आवळला तरी पिन आत हलत राहते. अनुभवी मिस्त्री पिनला निळा रंग पातळ लावून छिद्रात फिरवून पाहतात. रंग सगळीकडे सारखा उमटला तरच तो एंड ठेवतात, अन्यथा दुकानात परत पाठवतात.