परदेशात रुळणं आणि जुन्या घराची फेरी: पार्श्वभूमी

परदेशात बिऱ्हाड थाटायचं, सुट्टी मिळाली की लहानपणचं घर बघून यायचं, जुन्या मित्रांना भेटायचं आणि परतून कामावर रुजू व्हायचं. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की यालाही काही इतिहास असेल असं वाटत नाही. पण बहुतेकांना परवडणारी अशी ये-जा फार जुनी नाही. त्याआधी घरची ओढ हा चक्क डॉक्टरांचा विषय होता.

१६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या योहानेस होफर या १९ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या ओढीला रोग ठरवलं आणि ‘नॉस्टॅल्जिया’ असं नाव दिलं. त्याने नोंदवलेला एक रुग्ण म्हणजे बर्नहून बाझलला शिकायला आलेला तरुण. अंगात सतत ताप, छातीत घालमेल, आशा जवळपास संपलेली. अखेर त्याला घरी पाठवायचं ठरलं. निघायची तयारी सुरू होताच तो सावरला आणि बर्नला पोहोचायच्या आधी, वाटेतच, बरा झाला. अंतर म्हणाल तर शंभरेक किलोमीटर! घरी पोहोचण्यापेक्षा ‘जाता येतंय’ या खात्रीनेच गुण आला असावा. पुढे शॉयख्त्सर या स्विस शास्त्रज्ञाने हवेच्या दाबावर खापर फोडलं. डोंगरातली माणसं सखल भागातल्या जड हवेने दबून जातात म्हणे. आज हसू येतं, पण अमेरिकेच्या यादवी युद्धातही उत्तरेच्या फौजेतल्या डॉक्टरांनी या रोगाचे पाच हजारांहून जास्त रुग्ण नोंदवले होते आणि त्यातले ७४ दगावल्याचं लिहून ठेवलं होतं.

चित्र पालटलं ते वाहतुकीमुळे. आगबोटी आल्या आणि इटलीतले मजूर अमेरिकेत कमाई करून मायदेशी परतू लागले, काही तर पुन्हा पुन्हा ये-जा करू लागले. स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहामागे एक उलटा प्रवाहही असतो, हे रेव्हनस्टाइन या अभ्यासकाने १८८५मध्येच मांडलं होतं. १९५६मध्ये अटलांटिकच्या तळातून पहिली टेलिफोन केबल सुरू झाली, दोन वर्षांनी जेट विमानं त्याच महासागरावरून प्रवासी नेऊ लागली.

याच सुमारास अभ्यासकांचं लक्ष रुळण्याकडे वळलं. नॉर्वेच्या लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांची पाहणी केली (१९५५). सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेले बऱ्यापैकी रुळले होते, मधल्या मुदतीचे अडखळले होते. त्यावरून आधी उत्साह, मग खड्डा, मग चढ असा आलेख रूढ झाला. १९६३मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्याला दुसरा खड्डा जोडला, मायदेशी परतल्यावरचा. आलेख सुबक आहे, म्हणूनच त्यावर फार विसंबू नये. पुढच्या काही पाहण्यांत सर्वाधिक त्रास अगदी सुरुवातीलाच आढळला. उत्साहाचा टप्पा दिसलाच नाही.

त्याहून मला पटतो तो आल्फ्रेड शुट्झ. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून न्यूयॉर्कला आलेला, दिवसा बँकेच्या व्यवसायात आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञानात रमणारा माणूस. १९४४मध्ये त्याने परक्या मुलखात आलेल्या माणसावर लेख लिहिला आणि १९४५मध्ये घरी परतणाऱ्यावर. परक्या ठिकाणी सगळं वेगळं असणार हे नवख्याने गृहीत धरलेलं असतं. परतणारा मात्र सगळं ओळखीचंच असेल या भरवशावर येतो आणि तिथेच फसतो. मागे राहिलेल्यांच्या मनात तो गेला तेव्हाचा असतो, त्याच्या मनात ते.

शुट्झच्या काळी दोन पत्रांच्या मध्ये बरंच काही घडून जायचं. आता कुणाचे केस पिकले, कुणाची मुलगी कॉलेजात गेली, हे मित्रांच्या ग्रुपवर त्याच दिवशी कळतं. भेटल्यावर बातमी अशी उरतच नाही. एकमेकांसोबत नुसतं बसण्याची सवय मोडलेली असते, ती काही फोनवर टिकत नाही. घराचं उलट आहे. जिन्याचा कठडा बदलला किंवा मागची भिंत पाडली, हे कुणी कळवत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी लहानपणच्या घरी मुद्दाम जाऊन आलेल्या प्रौढांचा अभ्यास केला. त्यातल्या अनेकांना कुणाला भेटायचं नव्हतं, ती जागा बघायची होती. तिथे आता भलतंच कुणी राहत असलं तरी.