मोर्स्किए ओको की चार्नी स्ताव?

पोलंडच्या दक्षिण सीमेवरील तात्रा पर्वतात लेऑन विचुउकोव्स्की (१८५२–१९३६) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जी सरोवरे रंगवली, त्यांतील मोर्स्किए ओको आणि चार्नी स्ताव या दोहोंची चित्रे पाहताना सहज गल्लत होते. याला कारणही तसेच आहे. दोन्ही सरोवरे हिमनदीने कोरलेल्या एकाच दरीत असून त्यांच्यामागे रिसी शिखराच्या परिसरातील त्याच कड्यांची भिंत उभी आहे.

मोर्स्किए ओको १३९५ मीटर उंचीवर आहे आणि त्याचा विस्तार सुमारे ३५ हेक्टर आहे. त्याच्या काठी सूचिपर्णी झाडे आहेत, पाण्यावर निळसर हिरवी झाक असते आणि वर म्निखचा टोकदार सुळका दिसतो. चार्नी स्ताव त्याहून सुमारे १९० मीटर वर, वृक्षरेषेच्या पलीकडे आहे. विस्ताराने तो लहान असला, तरी त्याची खोली सुमारे ७६ मीटर, म्हणजे मोर्स्किए ओकोपेक्षा बरीच जास्त भरते. उंच कड्यांच्या सावलीमुळे त्याचे पाणी काळपट दिसते. मात्र केवळ रंगावर विसंबू नये, कारण ढगाळ दिवशी खालचे सरोवरही तितकेच काळवंडते आणि विचुउकोव्स्की तर पेस्टलच्या खडूंनी असे बदलते हवामान टिपत.

माझ्या मते खरी कसोटी चित्रकार कुठे उभा होता, ही आहे. मोर्स्किए ओकोच्या काठावरून चार्नी स्ताव दिसतच नाही. खडकाची मोठी पायरी त्याला झाकून टाकते आणि तिच्यावरून उतरणारा ओढा तेवढा नजरेस पडतो. उलट, वरच्या कडेवर उभे राहिल्यास खालचे सरोवर जवळजवळ पूर्ण आकारात समोर येते. विचुउकोव्स्कींनी १९०५ मध्ये पेस्टलमध्ये मोर्स्किए ओको असेच चार्नी स्तावहून रंगवले. अशा चित्राच्या नावात दोन्ही सरोवरे आली, तरी त्यांतले एक चित्रविषय असते आणि दुसरे केवळ उभे राहण्याची जागा. दोन्हींचे पाणी एकाच चौकटीत असेल, तर चित्रकार वरच्या सरोवराच्याही वर चढला होता असे खुशाल समजावे.

नुसते ‘चार्नी स्ताव’ एवढेच नाव असले, तर आणखी एक पेच उरतो. तात्रातल्याच गाँशेनित्सोवा दरीतही याच नावाचे सरोवर आहे. त्यात एक छोटेसे बेट आहे आणि सरोवराच्या वर कोश्चेलेत्सचे शिखर उभे आहे, तर रिसीखालच्या सरोवरात बेट नाही.